गिअर सुटतो म्हणजे दात गेले असं नाही

आयटीआयला मेकॅनिक टू अँड थ्री व्हीलर हा एक वर्षाचा ट्रेड केला आणि वागळे इस्टेटमधल्या एका गॅरेजात लागलो. पहिले चार महिने ऑइल बदलणं आणि चेन ताणणं, एवढंच. मग एका डिलिव्हरीवाल्याची 100 सीसीची, चार गिअरची गाडी आली. तक्रार: गायमुखच्या चढावर दुसरा गिअर सुटतो.

इंजिन उतरवलं, केसिंग (इंजिनचं दोन भागांचं कवच) फोडलं, गिअर बसवलेले दोन्ही शाफ्ट धुतले. दात बघितले तर ठणठणीत. मामांना (मालकांना सगळे मामाच म्हणतात) तसं सांगितलं.

"दात कशाला बघतोस? ते कायम एकमेकांत अडकलेलेच असतात. डॉग बघ."

नवख्यांची गफलत इथेच होते. फोर्क, म्हणजे गिअरला धरणारा काट्यासारखा तुकडा, त्याला शाफ्टवर सरकवतो आणि गिअरच्या अंगावरचे ठोकळे, म्हणजे डॉग, शेजारच्या गिअरच्या खाचेत बसतात. डॉगच्या कडा किंचित आत तिरप्या असतात, त्यामुळे लोड आला की दोन्ही गिअर एकमेकांना धरून ठेवतात. कडा गोल झाल्या की तोच लोड त्यांना बाहेर ढकलतो. म्हणून सपाटीला गाडी गपगुमान चालते आणि चढाला खट्‌ करते. कडेवर नख फिरवा, धार लागली पाहिजे. बदलायचे तर समोरासमोरचे दोन्ही गिअर बदला. गिऱ्हाईक एकावर भागवा म्हणेल, पण झिजलेला जुना नव्यालाही खातो. फोर्कची टोकं निळी-काळी पडली असतील तर ती घासून तापलीत. जाडी व्हर्नियरने (बारीक मापाच्या पट्टीने) मोजून मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडा. डोळ्यांचा अंदाज इथे चालत नाही.

जोडताना सर्क्लिप (गिअरला शाफ्टवर जागेवर धरणारं कडं) नवीनच घ्या, काढताना जुनं फाकतं. त्याची एक बाजू गोलसर, दुसरी धारदार असते. गिअरचा रेटा गोलसर बाजूवर यायला हवा, धार पलीकडे.

दुसरं केसिंग लावण्याआधी ड्रम (फोर्क सरकवणारा खाचांचा दंडगोल) हाताने फिरवून सगळे गिअर टाकून बघायचे, पण शाफ्ट फिरवत. थांबलेल्या शाफ्टवर डॉग खाचेसमोर येत नाहीत आणि वाटतं, अडकलं. मी तर हातोडीच उचलली होती.

शेवटी चारही गिअर पडले. इंजिन चढवलं, ऑइल भरलं. संध्याकाळी धुण्याच्या ट्रेमधलं डिझेल ओतताना तळाशी काहीतरी खुळखुळलं. शाफ्टच्या टोकाचा वॉशर. ऑइलमुळे तो केसिंगला आतून चिकटला होता, धुताना पडला असणार. गिअर त्याच्याशिवायही पडतात, म्हणून तपासणीत कळलंच नाही. शाफ्ट मात्र आडवा हलत राहतो. डिलिव्हरीवाला हेल्मेट घेऊन दारात उभा. मामा काही बोलले नाहीत, दहाचा टी-पाना तेवढा पुढे केला.

तेव्हापासून शाफ्टवरून निघालेला प्रत्येक गिअर, प्रत्येक वॉशर त्याच क्रमाने तारेत ओवतो. आणि केसिंग धुण्याआधी आतून बोट फिरवतो.