डार्क स्किनी जीन्स घालताय? मग या चुका टाळा

भावांनो, आपल्याकडं कोल्हापुरात स्किनी जीन्सचा खरा घोळ कंबरेत नसतो, मांडीत असतो. निम्मी पोरं तालमीत नाहीतर जिममध्ये, बैठका मारून मांड्या झालेल्या, आणि राजारामपुरीत दुकानात गेलं की "३२ दाखवा" म्हणून कंबरेच्या मापावर जीन्स उचलायची, मग ती अशी चिकटते की खिशात मोबाईल कुठला आहे ते पण बाहेरून सांगता येतं. माप मांडीवर घ्या. ट्रायल रूममध्ये नुसतं आरशासमोर उभं राहून काय कळत नाही, उकिडवं बसून बघा, गाडीवर टांग टाकतो तसा पाय टाकून बघा, आणि उभं राहिल्यावर मांडीवरचं कापड चिमटीत थोडं तरी आलं पाहिजे. नाही आलं तर एक साईज वर जा. कंबर सैल पडली तर टेलर मागनं आत घेतो, मांडी मात्र कोणच वाढवून देत नाही कारण शिलाईत तेवढं कापडच ठेवलेलं नसतं. वरच्या साईजमध्ये पण आवळत असेल तर हट्ट सोडा, स्लिम किंवा टेपर्ड (मांडीला मोकळी, खाली निमुळती) घ्या, डार्क रंगात ती पण सडपातळच दिसते.

दुसरी चूक लांबीची. घोट्यावर एखाददुसरी चुणी चालते, पाच-सहा चुण्या म्हणजे थोरल्या भावाची जीन्स घातल्यागत. मग पोरं खालनं दुमडतात, तर डार्क निळ्या डेनिमला आतनं पांढरट बाजू असते कारण उभा धागा तेवढा रंगवतात, आडवा पांढराच ठेवतात (इचलकरंजीचा कोण पावणा असेल तर विचारा), आणि ती जाड पांढरी पट्टी घोट्यावर लगेच डोळ्यात भरते. एकच बारीक घडी घाला, नाहीतर सरळ कापून घ्या, फक्त टेलरला खालची मूळची पट्टी ठेवून जोडायला सांगा.

वरचा टीशर्ट पण अंगाला चिकटलेला नको. खाली टाईट तर वर जरा मोकळं, ऑफ व्हाईट, ग्रे, मेहंदी असलं काहीतरी, लांबी चेनच्या निम्म्यापर्यंत. चमकणारा शर्ट खोचून वर मोठं बक्कल, हे रंकाळ्यावर फिरायला कशाला राव?

कोल्हापुरी घालायची तर घाला, लई भारी दिसते, पण जाड गोंडेवाली कापशी चप्पल आणि खाली निमुळता पायचा, मग पावलंच तेवढी दिसतात. पापाच्या तिकटीला पातळ, साधी पट्टेवाली मिळते ती घ्या आणि जीन्स घोट्याच्या वर ठेवा. पावसात मात्र घालू नका, चामडं पाणी पितं. पांढऱ्या शूजचं दुखणं वेगळं, नव्या डार्क जीन्सचा रंग घासून शूजला लागतो आणि ओली असली की जास्तच. इंडिगो, म्हणजे डेनिमचा निळा रंग, धाग्याच्या आत फारसा मुरत नाही, वरच्या थरावरच बसतो, म्हणून हे होतं. मीठ किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो म्हणतात, इंडिगोवर त्याचा काय उपयोग नाही. पहिल्या काही धुण्यात वेगळी, उलटी करून, गार पाण्यात धुवा, एवढंच, आणि तोवर पांढऱ्या शूजला जरा सुट्टी द्या.

स्किनीत ताण येतो तो इलॅस्टेन नावाच्या रबरासारख्या ताणणाऱ्या धाग्यामुळं, आणि त्याला जास्त उष्णता सोसत नाही. गरम पाणी, कडक इस्त्री, एप्रिलच्या उन्हात दिवसभर गच्चीवर, की ताण गेला. सावलीत उलटी वाळवा, जुलैत पंख्याखाली टांगा, दमट तशीच घातली की वास मारते. गुडघ्याला फुगा आला असेल तर आधी एकदा गार पाण्यात धुवून बघा, बऱ्याचदा परत बसतो. धुवून पण तसाच राहिला तर इलॅस्टेन संपलं, ती जीन्स आता गाडी धुताना घालायची.