म्हातारा कुत्रा आणि अंगणातल्या कोंबड्या: या चुका टाळा

आमच्या कुत्र्याला, टिपूला, दहावं लागलं होतं तेव्हा गिरिराजा जातीच्या सहा तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, घरी आल्या, आणि सगळ्यांचं एकच, अहो म्हातारा झालाय तो, आता काय करणार. तिसऱ्या दिवशी एक तलंग त्याच्या तोंडात. तर वय झालं म्हणजे खोड गेली असं धरून चालायचं नाही, पाय दुखत असले तरी समोर काही फडफडलं की अंगातला शिकारी जागा होतोच. कारवानी किंवा पश्मी असेल तर जास्तच, ती जातच मुळात नजरेनं हेरून सशामागे पळणारी.

दुसरं म्हणजे त्याची तब्येत न बघताच शिकवायला लागणं. आम्ही "टिपू नको" म्हणून ओरडायचो आणि हा ढिम्म, वाटायचं मुद्दाम करतोय, नंतर कळलं की कान गेलेत. मग हाताची खूण शिकवली, तळहात दाखवला की थांबायचं, दहाव्या वर्षीसुद्धा आठवड्याभरात शिकला. सांधे धरलेले असतील तर झोपेत कोंबडी अंगावर चढली तरी कुत्रा खेकसून चावू शकतो, ती शिकार नाही, दुखणं आहे. म्हणून आधी डॉक्टरांना दाखवा, आणि त्याची झोपायची जागा कोंबड्या पोचणार नाहीत अशी करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. भुंकत नाही म्हणजे शांत आहे, हा समज काढून टाका. भुंकणाऱ्यापेक्षा मला गप्प बसलेल्याची भीती वाटते. मान खाली, तोंड मिटलेलं, शेपटी स्थिर आणि नजर एकाच कोंबडीवर रुतलेली, झेप घेण्याआधी बऱ्याचदा असंच होतं. एकदा पळाला की तुमचं कोणी ऐकत नाही, त्यामुळे त्याला अडवायचं ते इथेच, टक लावली रे लावली की पट्ट्यानं हळूच वळवा, आणि स्वतःहून नजर काढून तुमच्याकडे बघितलं की लगेच खाऊ. (आम्ही उकडलेल्या चिकनचे तुकडे देत होतो, हसू नका, त्यानं काही बिघडलं नाही.) नाकापुढे खाऊ धरूनही ढुंकून बघत नसेल तर तुम्ही फार जवळ आहात, दहा पावलं मागे जा.

घाई तर सगळेच करतात. कोंबडी काखेत धरून "हुंग, हुंग" करत तोंडापाशी नेतात, ती फडफडते आणि झालं. त्यापेक्षा मध्ये जाळी, कुत्रा पट्ट्यावर, वीस-पंचवीस फुटांवरून सुरुवात, दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं, फिरून आणि जेवून आल्यावर. कोंबड्या संध्याकाळी खुराड्याकडे परततात ती वेळ चांगली, तेव्हा त्यांची पळापळ कमी असते. आम्हाला दोन महिने लागले. आणि जाळी ती षटकोनी पातळ वाली नको, कुत्रा पंजानं फाडतो, वेल्डेड घ्या आणि फूटभर जमिनीत गाडा.

मारणं, किंवा मेलेली कोंबडी गळ्यात बांधणं, हे अजून गावाकडे सांगतात. त्यानं कुत्रा एवढंच शिकतो की मालक दिसला की कोंबडीकडे बघायचं नाही, तुम्ही आत गेलात की झालं. आणि कोंबडी कापल्यावर आतडी, पिसं त्याच्यापुढे टाकायची आणि वर म्हणायचं की अंगणातली वेगळी, हे त्याला कसं कळावं?

पिल्लं घेऊन फिरणारी कोंबडी असेल तर त्या दिवसांत दोघांना समोरासमोर आणूच नका, ती थेट डोळ्यावर जाते.

एवढं करून धरलीच, तर आरडाओरडा करू नका, ओढाताणीत जखम वाढते. कुत्र्याचा पट्टा धरा, सोडवा, मग पिसं बाजूला करून नीट बघा, दाताची भोकं वरून दिसत नाहीत. मिठाच्या कोमट पाण्यानं धुऊन तिला खोक्यात उबेला, अंधारात वेगळी ठेवा, नाहीतर रक्त बघून बाकीच्या टोचतात, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

टिपू आता पारिजाताखाली पडलेला असतो आणि कोंबड्या त्याच्या ताटलीतलं सांडलेलं टिपतात. तरी आम्ही बाजाराला निघालो की कोंबड्या खुराड्यात आणि कडी लावलेली, एवढी वर्षं झाली तरी.