मेनफ्रेमचं सेशन सारखं तुटतं? आधी घड्याळ कुणाच्या हातात आहे ते शोधा

मीटिंगला उठावं, अर्ध्या तासाने परत यावं, तर समोर पुन्हा लॉगऑनचा पॅनेल. अर्धवट एडिट केलेला मेंबर (मेनफ्रेमवरची फाइल) गेलेला. अशा वेळी बहुतेक जण एम्युलेटरच्या (पीसीवर मेनफ्रेमचं टर्मिनल दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सेटिंगमध्ये हात घालतात. पण रिकामं सेशन तोडणारे निदान तिघे असतात: स्वतः झेड/ओएस (मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टीम), टर्मिनलची जोडणी सांभाळणारा टेलनेट सर्व्हर आणि वाटेतला फायरवॉल. तोडतो कोण हे न बघता केलेला उपाय म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

म्हणून एकदा मुद्दाम हात बांधून टर्मिनलसमोर बसा. किती मिनिटांनी तुटतं ते लिहून ठेवा आणि तुटताक्षणी पुन्हा लॉगऑन करा. युजर आयडी आधीच वापरात आहे म्हणून नकार आला (मेसेज आयकेजे५६४२५आय), तर आतलं सेशन शाबूत आहे, तुटलाय तो रस्ता. लॉगऑन पॅनेलवर 'रीकनेक्ट'समोर एस टाकून एंटर दाबा, बहुधा सोडलं होतं तिथेच पोचता. मात्र लाइन तुटल्याचं सिस्टीमला कळलं असेल तर ही सवलत थोडाच वेळ मिळते. टीएसओ (झेड/ओएसवर टर्मिनलवरून काम करू देणारा भाग) ही वेळ 'रीकनलिम'ने ठरवतो; त्याची मूळ किंमत ३ मिनिटं आहे. नकार न येता कोरं सेशन मिळालं, तर सिस्टीमनेच बाहेर काढलं असं समजा. ५२२ अबेंड (फार वेळ रिकामं राहिल्याने सिस्टीमने काम बंद पाडल्याचा कोड) दिसला तर शंकाच नको.

रस्ता तुटत असेल तर इलाज तुमच्याच हातात आहे. एम्युलेटरमध्ये 'कीप अलाइव्ह' चालू करा. एक्स३२७० या एम्युलेटरमध्ये यासाठी 'नॉपसेकंड्स' आहे: दर इतक्या सेकंदांनी एक निरर्थक टेलनेट संदेश जातो आणि फायरवॉलला लाइन जागी वाटते. विंडोज आणि लिनक्सचं स्वतःचं टीसीपी कीप अलाइव्ह मुळात २ तासांवर असतं. फायरवॉल त्याच्या कितीतरी आधी कात्री लावत असेल, तर त्याचा काय उपयोग?

फायरवॉल निर्दोष निघाला तर टेलनेट सर्व्हरचा 'इनॅक्टिव्ह' पॅरामीटर तपासायला नेटवर्क टीमला सांगा. तो सेकंदांत असतो, ० म्हणजे मर्यादा नाही.

५२२ मात्र कीप अलाइव्हने टळत नाही. टीएसओच्या लेखी तुम्ही गप्पच बसलेले असता. गप्प बसण्याची ही मर्यादा पारमलिबमधल्या (सिस्टीमच्या सेटिंगच्या लायब्ररीतल्या) एसएमएफच्या, म्हणजे वापराच्या नोंदी ठेवणाऱ्या भागाच्या, जेडब्ल्यूटी पॅरामीटरची. कन्सोलवर 'डी एसएमएफ,ओ' दिलं की चालू किंमत दिसते. ती वाढवली की बॅच जॉबलाही लागू होते, त्यामुळे नव्या झेड/ओएसवर फक्त टीएसओसाठी असलेला टीडब्ल्यूटी वाढवून मागणं शहाणपणाचं. लॉगऑन प्रोसिजरमध्ये टाइम=१४४० टाकायचा सल्लाही कुणी देईल. त्याने वाट बघण्याची मर्यादा जाते, पण सीपीयूचीही जाते, आणि लूपमध्ये अडकलेला एखादा रेक्स स्क्रिप्ट मग मोकाट सुटतो. सीआयसीएसचा (ऑनलाइन व्यवहार चालवणाऱ्या प्रणालीचा) मामला वेगळा: तिथे युजरच्या रॅकएफ (मेनफ्रेमची सुरक्षा व्यवस्था) प्रोफाइलमधला सीआयसीएस टाइमआउट बघायचा.

एक जुनी युक्ती सगळ्यांना ठाऊक असते: एसडीएसएफमध्ये (जॉब आणि त्यांचं आउटपुट बघायच्या स्क्रीनवर) '&३०' टाइप करायचं, की स्क्रीन दर ३० सेकंदांनी आपोआप ताजी होते आणि सेशन जागं राहतं. जॉबवर नजर ठेवायला झकास. पण टर्मिनल उघडं टाकून निघून जायला ती वापरू नका. कार्डांचा डेटा असलेल्या सिस्टीमवर पीसीआय डीएसएस हे कार्ड-सुरक्षेचं मानक १५ मिनिटांच्या निष्क्रियतेनंतर पुन्हा ओळख पटवायला सांगतं; तिथे पळवाट काढणारा ऑडिटमध्ये सापडतो. आपोआप एंटर मारणारे मॅक्रो तर नकोच. एडिटमध्ये एखादी अर्धवट टाइप केलेली डिलीटची लाइन कमांड असेल, तर तो एंटर ती इमानेइतबारे पार पाडतो.

मर्यादा वाढवून मिळाली नाही तरी आयएसपीएफच्या (टीएसओवरच्या मेनू आणि एडिटरच्या) एडिटमध्ये 'रिकव्हरी ऑन' आजच टाका. सेशन मेलं तरी पुढच्या वेळी एडिट उघडताना जुने बदल परत हवेत का असं विचारलं जातं. प्रत्येक एडिट प्रोफाइलला ते वेगळं द्यावं लागतं, आणि शेवटच्या एंटरनंतर टाइप केलेलं काही परत येत नाही. तेव्हा खुर्चीवरून उठताना एकदा एंटर दाबा.