पुराच्या पाण्यात चालणाऱ्या नावेला राखीव इंजिन बसवताना

कृष्णा, दूधगंगा आणि वेदगंगा या नद्यांना पाणी चढले, की चिक्कोडी-निपाणी भागातील कल्लोळ–यडूर, जत्राट–भिवशी यांसारखे बंधारे पाण्याखाली जातात, आणि मोठ्या पुराच्या वर्षी तर मळ्यातील वस्त्यांवर अडकलेली माणसे नावेशिवाय बाहेर काढता येत नाहीत. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या पंधरा फुटी फायबरच्या नावेचे २५ अश्वशक्तीचे इंजिन भर प्रवाहात तापून बंद पडले. नावेत दोन म्हाताऱ्या बायका आणि एक तान्हे मूल होते, आणि त्या पाण्यात वल्ह्याने काहीही साधण्यासारखे नव्हते. एका बाभळीला दोर अडकवता आला म्हणून आम्ही वाचलो. आपल्याकडे मोटर म्हटले की उसाला पाणी देणारा पंपच डोळ्यांसमोर येतो, म्हणून मुख्य इंजिन बंद पडल्यास कामी येणाऱ्या दुसऱ्या, छोट्या इंजिनासाठी खाली सर्वत्र ‘राखीव इंजिन’ असाच शब्द वापरला आहे.

राखीव इंजिन घेण्यापूर्वी मुख्य इंजिनातील झिजलेले भाग बदलावेत, कारण आमचे इंजिन बंद पडले ते केवळ पाण्याच्या पंपातील रबरी चक्रामुळे, म्हणजे इंपेलरमुळे. आपली नाव वर्षातील नऊ-दहा महिने शेडमध्ये कोरडी पडून असते. तेवढ्या काळात इंपेलरची पाती एकाच बाजूला वाकून कडक होतात आणि पुराचे गढूळ, रेतीमिश्रित पाणी लागताच तुटतात. हा भाग दरवर्षी मे महिन्यात बदलावा. खालच्या गिअरपेटीचे बोल्ट काढून ती सरळ खाली उतरवावी, पंपाचे झाकण उघडावे, आणि जुन्या इंपेलरची सगळी पाती जागेवर आहेत का ते मोजावे. एखादे पाते कमी असेल तर तो तुकडा वर जाणाऱ्या नळीत सापडेपर्यंत इंजिन जोडू नये. आमच्या इंजिनात तो तिथेच बसला होता. नवा इंपेलर साबणाच्या पाण्याने ओला करून, उभा दांडा वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवत बसवावा, म्हणजे पाती योग्य बाजूला वाकतात. इंजिन सुरू होताच मागून पाण्याची बारीक धार पडली पाहिजे. ती थांबली तर ताबडतोब इंजिन बंद करून पाणी घेण्याच्या जाळीवर जलपर्णी किंवा उसाचा पाला अडकला आहे का, ते पाहावे.

गिअर ऑइल काढताना ते दुधाळ दिसले, तर आत पाणी शिरले आहे असे समजून सील बदलावेत. नवे ऑइल खालच्या छिद्रातून भरावे आणि ते वरच्या छिद्रातून बाहेर येईपर्यंत भरत राहावे. वरून ओतल्यास आत हवा अडकते. पेट्रोलची नळी आणि हाताने दाबायचा रबरी फुगा दोन्ही बदलावेत, कारण इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुने रबर फुगते व आतून सुटते. मालवण किंवा गोव्याकडून जुने इंजिन आणले असेल, तर त्यावरील गंजरोधक तुकडा जस्ताचा असण्याची शक्यता असते. तो खाऱ्या पाण्यासाठी असतो. नदीच्या गोड्या पाण्यासाठी मॅग्नेशियमचा लावावा.

आता राखीव इंजिनाकडे वळू. पंधरा फुटी नावेला ५ ते ६ अश्वशक्तीचे इंजिन पुरते, परंतु त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवायची हे आधी मनाशी पक्के करावे. एवढ्या लांबीची नाव पाणी कापत ताशी नऊ-दहा किलोमीटरच्या पुढे सहसा जात नाही, आणि पुराचा प्रवाह याहून वेगवान असू शकतो. त्यामुळे राखीव इंजिनाने प्रवाहाविरुद्ध वर चढण्याचा प्रयत्न करू नये. नावेचे तोंड प्रवाहाकडे तिरके धरून, थोडे खाली वाहत जाण्याची तयारी ठेवून, हळूहळू काठ गाठावा.

राखीव इंजिनाच्या उभ्या दांड्याची लांबी निवडताना चूक महागात पडते. आखूड दांडा १५ इंचाचा आणि लांब दांडा २० इंचाचा असतो. राखीव इंजिन मध्यावर न बसता एका बाजूला बसते, आणि माणसे विरुद्ध बाजूला सरकली की राखीव इंजिनाचा पंखा पाण्याबाहेर येऊन नुसता हवेत फिरतो. म्हणून नावेच्या मागच्या फळीची उंची मोजूनही शंका राहिली, तर लांब दांडाच घ्यावा.

बसवण्यापूर्वी नावेची मागची उभी फळी तपासावी. हातोडीच्या दांड्याने ती सर्वत्र ठोकून पाहावी. खणखणीत आवाजाऐवजी कुठे बद्द आवाज आला, तर आतील प्लायवूड कुजले आहे, आणि ते बदलल्याशिवाय तिथे पंचवीस किलोचे वजन टांगू नये. इंजिन वर-खाली करता येणारा ब्रॅकेट चालकाच्या विरुद्ध बाजूस घ्यावा, आणि मुख्य इंजिन दोन्हीकडे पूर्ण वळवून, वर उचलून, दोन्ही एकमेकांना घासत नाहीत याची खात्री झाल्यावरच छिद्रांच्या खुणा कराव्यात. छिद्रे थोडी मोठी पाडून इपॉक्सीने भरावीत आणि ते घट्ट झाल्यावर बोल्टच्या मापाने पुन्हा पाडावीत, म्हणजे पाणी लाकडापर्यंत पोहोचत नाही. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे असावेत, आतून ॲल्युमिनियमची जाड पट्टी व मोठे वायसर लावावेत, आणि नावांसाठीचे पॉलियुरेथेन सीलंट भरावे. इंजिन केवळ त्याच्या दोन पकड-स्क्रूंवर सोडू नये. ते साखळीने नावेच्या कडीला बांधावे.

राखीव इंजिनाचे मुख्य इंजिनाशी कशातही नाते नसावे, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. मुख्य टाकीत पाणी गेले असेल, तर त्याच टाकीवर चालणारे दुसरे इंजिनही बंद पडते. त्याला स्वतंत्र टाकी द्यावी, आणि ते दोरी ओढून सुरू होणारेच असावे. टू-स्ट्रोक असल्यास सामान्यतः लिटरला २० मिलिलिटर ऑइल लागते, तरी माहितीपुस्तिकेतील प्रमाण पाहावे. मोटरसायकलचे ऑइल न वापरता आउटबोर्डसाठीचेच, म्हणजे नावेच्या मागे बाहेरून बसणाऱ्या इंजिनांसाठीचेच घ्यावे. वापर झाल्यावर नळी काढून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालवावे. पंख्याला शिअर पिन, म्हणजे धक्का बसताच स्वतः तुटून गिअर वाचवणारी पिन असल्यास दोन जादा पिना झाकणाच्या आत चिकटवून ठेवाव्यात. पिनेच्या जागी खिळा घालू नये. ओंडका लागल्यावर खिळा तुटत नाही, त्याऐवजी गिअर तुटतात.

चाचणी मे महिन्यात, बंधाऱ्यामागच्या संथ पाण्यात, लाइफ जॅकेट घालूनच घ्यावी. मध्यभागी मुख्य इंजिन बंद करून राखीव इंजिन खाली घेणे, दोरी ओढणे आणि नाव वळवणे यांना किती वेळ लागतो तो घड्याळावर मोजावा, आणि पुराच्या वेळी जो नावेत असणार आहे त्याच्याच हातून हे करून घ्यावे. मुख्य इंजिनाचा पाय पाण्यातच सरळ ठेवल्यास तो सुकाणूसारखा उपयोगी पडतो. तासभर चालवून परतल्यावर ब्रॅकेटच्या बोल्टना पुन्हा पाना लावावा, आणि फळीच्या आतल्या बाजूने बोल्टांभोवती बोट फिरवून ओल आली आहे का, ते पाहावे.