एचआयव्हीची गोळी कधी सुरू करायची? या चुका टाळा

"सीडी फोर सहाशे आहे, मग आत्ताच गोळ्या कशाला?" सोलापुरात प्रतिकारशक्तीच्या या आकड्याचा हवाला देणारा हा प्रश्न अजून ऐकू येतो. विचारणाऱ्याचा दोष नाही. एकेकाळी सरकारी नियमच तसा होता. २००४ साली मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या गोळ्यांचा उपचार, सुरू झाली तेव्हा सीडी फोर २००च्या खाली गेल्यावर गोळ्या मिळत. पुढे ती मर्यादा ३५० झाली, मग ५००. २०१७ पासून मात्र आकड्याची अटच उरली नाही. तपासणी पॉझिटिव्ह आली की उपचार. शेजारपाजारच्या सल्ल्यात अजून जुना नियमच चालतो, आणि सगळ्यात मोठी चूक तिथेच होते.

आकडा पडण्याची वाट का पाहू नये? सीडी फोर या प्रतिकारशक्तीच्या पेशी. रिपोर्टमध्ये दिसतात त्या फक्त रक्तातल्या, म्हणजे शरीरातल्या एकूण साठ्याचा अगदी थोडा भाग. बाकीच्या आतड्याच्या अस्तरात आणि लसिकाग्रंथींत असतात. लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच विषाणू आतड्यातल्या पेशींचा फडशा पाडतो. चादरीच्या दुकानाची शोकेस भरलेली दिसते आणि मागचे गोदाम रिकामे होत असते, तसे हे आहे. विषाणूमुळे होणारी सूज वर्षानुवर्षे चालू राहिली की लसिकाग्रंथींत व्रणासारख्या गाठी-जाळ्या तयार होतात, आणि नव्या पेशींना तिथे नांदायला जागा राहत नाही. त्यामुळे २००च्या खाली उतरून मग गोळ्या सुरू करणाऱ्याचा आकडा ५००वर यायला कित्येक वर्षे लागतात, काहींचा कधीच येत नाही.

हे नुसते तर्काने ठरवलेले नाही. 'स्टार्ट' नावाच्या चाचणीत ३५ देशांतले ४,६८५ लोक होते, सगळ्यांचा सीडी फोर ५००च्या वर, म्हणजे वरवर ठणठणीत. निम्म्यांना लगेच गोळ्या दिल्या, निम्म्यांना ३५०पर्यंत थांबवले. २०१५ साली निकाल आला: लगेच सुरू करणाऱ्यांत गंभीर आजार किंवा मृत्यूचा धोका ५७ टक्क्यांनी कमी. जोडीदाराला लागण होण्याचा प्रश्न त्याआधीच, २०११ मध्ये, सुटत आला होता. पुण्यातल्या जोडप्यांचाही समावेश असलेल्या एका चाचणीत लवकर उपचारांनी तो धोका ९६ टक्के घटलेला दिसला.

तरीही लोक 'काही त्रास झाला की बघू' म्हणतात. त्रास म्हणजे नेमका कोणता? तरुण माणसाला नागीण उठते, घरचे ती उतरवायला कुणाकडे तरी घेऊन जातात, आठवड्यात खपल्या धरतात आणि विषय संपतो. तोंडात पांढरा थर येतो, तो पित्तावर ढकलला जातो. खरे तर ही आयसीटीसीत, म्हणजे सरकारी समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, जाऊन रक्त तपासण्याची वेळ असते.

दुसरी मोठी चूक, बरे वाटले की गोळ्या सोडणे. ऊसतोडीला टोळी निघाली, गावाकडे लग्न निघाले, यंत्रमागावर रात्रपाळी लागली, नवरात्राचा उपवास आला. गोळी बंद केली की विषाणू साधारण दोन ते चार आठवड्यांत पुन्हा डोके वर काढतो. आकडा चांगला असताना 'विश्रांती' देण्याचा प्रयोगही करून झाला आहे. त्या 'स्मार्ट' चाचणीत विश्रांती घेणाऱ्यांत आजार आणि मृत्यू दुपटीहून अधिक निघाले, म्हणून ती २००६ मध्ये आवरती घ्यावी लागली. आणखी एक, हिपॅटायटिस बी असेल तर गोळ्या अचानक थांबवल्याने यकृताचा आजार उसळू शकतो. बाहेरगावी जाणार असाल तर आधी समुपदेशकाला सांगा. जास्त महिन्यांच्या गोळ्या मिळू शकतात किंवा तिकडच्या एआरटी केंद्रात नाव वर्ग करून घेता येते. आणि उपवासाचे कारण तर टिकतच नाही. सध्याची डोल्युटेग्राव्हिरवाली गोळी जेवणाआधी, जेवणानंतर किंवा रिकाम्या पोटी, कशीही चालते.

आता याची उलटी बाजू, जी फारसे कुणी सांगत नाही. लवकर म्हणजे प्रत्येक वेळी आजच्या आज, असेही नाही. टीबी असेल तर आधी टीबीची औषधे सुरू होतात आणि बहुतेकदा दोन आठवड्यांच्या आसपास एआरटी जोडली जाते. क्रिप्टोकॉकस या बुरशीने मेंदूच्या आवरणाला सूज असेल तर डॉक्टर मुद्दाम चार ते सहा आठवडे थांबतात, कारण तिथे घाई जिवावर बेतते. मेंदूच्या टीबीतही वेळ जपूनच ठरवावी लागते. म्हणून खोकला, ताप, रात्रीचा घाम, घटते वजन, न थांबणारी डोकेदुखी यातले काहीही असेल तर पहिल्याच भेटीत सांगा. 'गोळ्या मिळायला उशीर होईल' म्हणून हे लपवणारे भेटतात.

गोळ्या सुरू झाल्यावर काही आठवड्यांत ताप आला, मानेला गाठ आली, तर? 'औषध बाधले' असा निष्कर्ष काढून डबी फेकू नका. सीडी फोर फार कमी असताना उपचार सुरू झाले की जागी झालेली प्रतिकारशक्ती आत दडलेल्या जंतूंवर तुटून पडते, त्याची ही दाहक प्रतिक्रिया असू शकते. गोळ्या चालू ठेवून त्याच दिवशी केंद्र गाठा.

व्हायरल लोड, म्हणजे रक्तातले विषाणूचे प्रमाण, तपासणीत सापडत नाही पण सीडी फोर २५०वरच अडकला, हीसुद्धा नेहमीची तक्रार. गोळ्या कमी पडत नाहीत, उशिरा सुरू झाल्या आहेत. त्यासाठी औषध बदलून मागू नका, शक्तीच्या पावडरवर पैसे घालवू नका. डॉक्टरांनी इतर संसर्ग टाळणारी सेप्ट्रानची गोळी चालू ठेवली असेल तर ती मात्र चुकवू नका. ताप-सर्दीतही हा आकडा खालीवर होतो, एका रिपोर्टवरून घाबरायचे कारण नाही.

ॲसिडिटीची, लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी डोल्युटेग्राव्हिरचे शोषण अडवते. एचआयव्हीची गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्या. टीबीचे रिफाम्पिसिन चालू असेल तर डोल्युटेग्राव्हिरचा जादा डोस लागतो, तो केंद्रातून लिहून घ्या. आणि मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत डबी फळीवर ठेवू नका. या गोळ्या ३० अंशांच्या आत ठेवायच्या असतात, सोलापूरचा पारा त्याच्या कितीतरी पुढे जातो. माठाजवळचा सावलीतला कोपरा चालेल, डबीचे झाकण घट्ट हवे. काही अडले तर १०९७ या मोफत क्रमांकावर विचारता येते.