सारचा आकडा बघा, पण त्याआधी रेंज बघा

फोनच्या डायलवर स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश असं दाबा. बहुतेक फोनमध्ये लगेच सारचे (इंग्रजीत SAR) दोन आकडे येतात, एक डोक्याजवळचा आणि एक अंगाजवळचा. फोनच्या लहरींमधली किती ऊर्जा आपल्या शरीरात मुरते, त्याचं हे माप. भारतात मर्यादा आहे १.६ वॅट प्रति किलो, तीही शरीराच्या कुठल्याही १ ग्रॅम भागावर. १ सप्टेंबर २०१२ पासून हा नियम लागू झाला. आधी आपल्याकडे २ वॅटची मर्यादा होती, १० ग्रॅमवर सरासरी काढून. युरोपात अजूनही तीच चालते. म्हणून परदेशातून आणलेल्या फोनच्या खोक्यावरचा आकडा आपल्याकडच्या आकड्याशी लावून बघू नका, दोन्हींचं मोजमापच वेगळं आहे.

कोल्हापुरात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाईक दोन फोन समोर ठेवून विचारतं, याचा ०.९ आणि त्याचा १.१, मग हाच घेऊ ना? मी सांगतो, एवढ्यावरून ठरवू नका. हा आकडा प्रयोगशाळेत, फोन पूर्ण ताकदीनं लहरी सोडत असताना काढलेला असतो. रोजच्या वापरात फोन सतत आपली ताकद कमीजास्त करत राहतो. टॉवरचा सिग्नल स्वच्छ असेल तर तो अगदी हळू बोलतो, रेंज गेली की ओरडायला लागतो. त्यामुळे भरपूर रेंजमधला १.१ वाला फोन तुम्हाला रेंज नसलेल्या ०.९ वाल्यापेक्षा कितीतरी कमी लहरी देतो.

तेव्हा आधी रेंज बघायला शिका, आणि तीही नुसत्या दांड्यांवरून नको. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमध्ये 'फोनबद्दल', मग सिमची स्थिती उघडा. तिथं सिग्नलची ताकद डीबीएम (dBm) या एककात दिसते, वजा चिन्हासह; आकडा शून्याच्या जितका जवळ, तितकी रेंज चांगली. फोरजीवर उणे ८५ च्या आसपास असेल तर उत्तम. उणे ११० च्याही खाली गेलं की फोनची ओढाताण सुरू झाली समजा. १० डीबीएमचा फरक म्हणजे ताकदीत दहा पट फरक. फोन हातात धरून घरात फिरा, माजघरात किती, खिडकीत किती, अंगणात किती ते बघा. गगनबावड्याकडच्या वाड्यांमधून येणाऱ्या लोकांना मी हे दुकानातच करून दाखवतो, कारण डोंगराआड रेंज मुळात कमी आणि वर छपराला लोखंडी पत्रा. लांब बोलायचं असेल तर अंगणात या, नाहीतर खिडकीशी बसा.

फोन धरायचा कसा, तेही बघा. धातूची कड असलेला फोन निरखलात तर कडेवर प्लास्टिकच्या बारीक रेषा दिसतील. अँटेनाचे भाग वेगळे ठेवण्यासाठी त्या असतात, आणि बऱ्याच फोनमध्ये मुख्य अँटेना खालच्या टोकाला असतो. तळव्यानं ते टोक झाकलंत की सिग्नल अडतो आणि फोन ताकद वाढवतो. बोटांनी मधोमध धरा. रेंज कमी असेल तर स्पीकर किंवा वायरचा इयरफोन वापरा, कारण अंतर थोडं वाढलं तरी डोक्यात मुरणारी ऊर्जा झपाट्यानं घटते. बटणाचा टूजी फोन वापरणाऱ्या आजी-आजोबांना मी आणखी एक सांगतो: फोन लागेपर्यंत कानाला लावू नका, कारण कॉल जोडताना तो जोरात लहरी सोडतो. झोपताना फोन उशीखाली कशाला? लांब टेबलावर ठेवा किंवा विमान मोडवर टाका.

रेडिएशन शोषणारी चिप म्हणून फोनच्या पाठीवर चिकटवायचा स्टिकर मिळतो. मी तो विकत नाही. तो खरंच लहरी अडवत असेल तर टॉवरपर्यंत पोचण्यासाठी फोन उलट जास्त जोर लावणार, आणि अडवत नसेल तर पैसे पाण्यात. पोटाला चिमटा काढून साठवलेले पैसे लोक यावर घालतात, याचं मला फार वाईट वाटतं.

फोनचं सॉफ्टवेअर अपडेट करत राहा. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये फ्रान्सनं आयफोन १२ ची विक्री थांबवली होती. हातापायांजवळची सारची मर्यादा तिथं वेगळी, ४ वॅट प्रति किलो; तिथल्या चाचणीत भरले ५.७४. कंपनीला ते मान्य नव्हतं, पण तिनं फ्रान्ससाठी अपडेट काढलं.

कॅन्सरचं विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं २०११ मध्ये या लहरींना 'कदाचित कारण असू शकेल' अशा २ब गटात टाकलं. पुढं त्याच संघटनेनं करवून घेतलेला मोठा आढावा २०२४ मध्ये आला. त्यात मोबाईल वापर आणि मेंदूचा कॅन्सर यांचा संबंध आढळला नाही. या लहरी क्ष-किरणांसारख्या रेणू फोडू शकत नाहीत, त्यांचा सिद्ध झालेला परिणाम म्हणजे ऊब, आणि मर्यादा ठरवताना त्याच्या पुष्कळ अलीकडे रेघ ओढलेली आहे. मी भीती घालत नाही. फुकटात कमी होणारी गोष्ट कमी करावी, एवढंच माझं म्हणणं.

सोसायटीच्या गच्चीवरच्या टॉवरवरून भांडणं होतात. टॉवर जवळ असला की तुमचा फोन हळू बोलतो, हे ध्यानात घ्या. पण शंका मनात ठेवू नका. २०१७ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या 'तरंग संचार' पोर्टलवर आपल्या भागातला टॉवर बघता येतो आणि फी भरून मोजणीची मागणी करता येते. भांडणाआधी मोजणीचा कागद हातात घ्या.

घरात कुणाला पेसमेकर बसवला असेल तर मात्र वरच्या खिशात फोन नको. किमान १५ सेंटिमीटर लांब ठेवा आणि दुसऱ्या बाजूच्या कानाला लावा. पाठीत चुंबक असलेल्या नव्या फोनबद्दल डॉक्टरांना वेगळं विचारून घ्या.