मिशनरी शेजारी निघतात तेव्हा: तिकडे जाणाऱ्या कोल्हापूरकरांसाठी

साखर कारखान्याच्या नोकरीपायी आपल्याकडची कुटुंबं पूर्व आफ्रिकेत जातात. आम्हीही युगांडात जिंजाजवळ राहून आता राजारामपुरीत परत आलोय. तिकडे मावशी-काकू नसतात. पोराला ताप आला की शेजारीच धावून येतात. आमचे शेजारी एक अमेरिकन मिशनरी कुटुंब होतं. ही मंडळी कायमची राहत नाहीत. मुदत संपते, व्हिसा अडतो, आई-वडील आजारी पडतात, मुलांचं कॉलेज येतं.

त्यांचं जायचं ठरलं की मुलांना त्याच दिवशी सांगा. 'लवकरच भेटू' असं खोटं बोलू नका, मुलं ते धरून बसतात.

जेवायला शेवटच्या आठवड्यात बोलावू नका. तेव्हा त्यांचं सामान विकणं, कामं सोपवणं चाललेलं असतं. पंधरा-वीस दिवस आधीच बोलवा. पांढरा रस्सा त्यांची मुलंही खातात, तांबडा मोठ्यांपुरता. अगदी शेवटी मात्र डबा न्या आणि परत मागू नका, कारण त्यांची भांडीकुंडी तोवर गेलेली असतात.

परदेशी राहणाऱ्या कुटुंबांसाठी डेव्हिड पोलॉक यांनी निघण्याआधीच्या चार गोष्टी सांगितल्यात: रुसवे मिटवा, आभार माना, नीट निरोप घ्या, पुढच्या मुक्कामाचा विचार करा. मागे राहणाऱ्यांनीही त्या कराव्यात. आभार मानताना 'तुम्ही खूप केलंत' एवढ्यावर भागवू नका. 'मलेरियात माझ्या लेकीजवळ रात्रभर बसलात' असं नेमकं सांगा. मी सांगितलं तेव्हा त्या बाई रडल्या, मीही रडले. रडू द्यावं.

भेट म्हणून कोल्हापुरी चप्पल द्या. सपाट असते, बॅगेत मावते. महिनाभर आधी प्रत्येकाचा पाय कागदावर उभा करून पेन्सिलीने रेघ मारा. पेन्सिल सरळ धरा, तिरकी झाली की माप चुकतं. टाचेपासून अंगठ्यापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये त्यावरच लिहा, फोटो काढून घरी पाठवा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर जोड मागवा.

मी ओटीही भरली. आधी विचारलं, कुंकू चालेल का? त्यांना नको होतं, मग फक्त खण आणि नारळ. नारळ त्याच संध्याकाळी फोडून सगळ्यांनी खाल्ला. मग त्यांनी आमचे हात धरून आमच्यासाठी प्रार्थना केली. मिशनरी म्हटलं की आपल्याकडे काहीजण बिचकतात. पण कोल्हापुरात अमेरिकन मिशन १८५२ मध्येच आलं होतं, आणि मिशनऱ्यांनीच काढलेल्या मिरजेच्या वानलेस हॉस्पिटलात उपचार घेतलेलं कुणीतरी आपल्याकडे घरोघरी सापडतं. त्यांची माया त्यांच्या रीतीने घ्यावी.

निरोप घरीच घ्या. एन्टेबे विमानतळाच्या वाटेवर कंपालाची गर्दी लागते, सगळं लक्ष घड्याळाकडे राहतं. दारात प्रत्येकाच्या हातावर दही-साखर ठेवा.

पुढचा रविवार मुलांना फार रिकामा जातो. त्या दिवशी कुठेतरी बाहेर न्या, आणि पहिला व्हिडिओ कॉल आधीच ठरवून ठेवा. आम्ही आता कोल्हापुरातून संध्याकाळी साडेसातला करतो. न्यूयॉर्कच्या वेळेने उन्हाळ्यात तिकडे सकाळचे दहा असतात, हिवाळ्यात नऊ. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये तिकडची घड्याळं बदलतात तेव्हा मुलांना आधी सांगून ठेवा, नाहीतर ती तासभर फोनसमोर वाट बघत बसतात.